बक्षिशी कुणाच्या हातात पडते

कर्जतहून राजमाचीच्या वाटेला लागलं की कोंदिवडे येतं. त्याच पट्ट्यात आमचं घर आहे आणि मागच्या बाजूला पाहुण्यांच्या खोल्या. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी येतात. पावसाळ्यात उल्हास नदी भरून वाहू लागली की एकही खोली रिकामी नसते. स्वयंपाकाला दोघी मावशी, बागेला आणि पाण्याच्या मोटारीला काका, खोल्या आवरायला गावातलीच एक सून आणि पाहुण्यांचं हवं-नको बघायला एक तरुण मुलगा, एवढी आमची माणसं. निघताना पाहुणे खिशात हात घालतात आणि विचारतात, "ताई, यांना काय द्यायचं असतं?" बरीच वर्षं हा प्रश्न ऐकते आहे आणि त्या नोटेचं पुढे काय होतं तेही स्वयंपाकघरात उभी राहून बघते आहे. त्यातून जे पक्कं झालं ते असं:

१. आधी पगार, मग बक्षिशी

आमच्या भागात फार्महाऊसच्या राखणदाराला तुटपुंज्या पगारावर ठेवतात आणि वर ऐकवतात, "तुला वरचं सुटतं ना." वरचं सुटतं ते पावसाळ्यात, नाताळात, मे महिन्यात. शाळांच्या परीक्षा लागल्या की आठवडेच्या आठवडे फाटक उघडत नाही, पण किराणा तर रोजचाच लागतो. अमेरिकेत ही रीत थेट कायद्यात बसली आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्याला चालतं. उरलेलं किमान वेतन टिपमधून भरून निघायचं आणि नाहीच निघालं तर मालकाने भरायचं. १९९१ पासून हा आकडा तसाच आहे. म्हणजे मालकाची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेली. आपल्याकडे कुणी "तिकडे असंच असतं" म्हणून दाखला दिला तर मी ऐकून घेत नाही. पगार पुरेसा असेल तरच बक्षिशी ही बक्षिशी राहते.

२. जो समोर दिसतो, त्यालाच मिळते

थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पाहुण्यांना पोपटी हवी असते. काका सकाळीच बांधावरून भांबुर्डीचा पाला काढून आणतात. मडक्याच्या तळाला पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा गच्च दाबायचा की मडकं पालथं घातलं तरी आतलं हलत नाही. मग भोवती पेंढा आणि काटक्या लावून जाळ. काका मधूनच मडक्यावर पाण्याचा हात शिंपडतात आणि नुसत्या चर्र आवाजावरून सांगतात, झाली की नाही. धूर डोळ्यांत जातो तो त्यांच्या, हात पोळतात ते त्यांचे. एवढं झाल्यावर ताटं लावून अंगणात नेतो तो आमचा तरुण मुलगा. पाहुणे खूश होतात आणि पाचशेची नोट त्याच्या खिशात जाते. काका तेव्हा मागच्या नळावर हात-पाय धूत असतात.

तांदळाच्या भाकरीचंही तेच. उकड मळून, पाण्याच्या हाताने थापून पापुद्रा सुटलेली भाकरी एकामागून एक येत राहते. पाहुणे तिचे फोटो काढतात. थापणाऱ्या मावशी मात्र चुलीपुढून उठतच नाहीत, कारण उठल्या तर भाकरी करपेल. पाहुण्यांच्या मनात खोट नसते. त्यांना ती माणसं दिसलेलीच नसतात. म्हणून दाखवणं हे माझं काम. आता जेवणं झाली की मी मावशींना आणि काकांना बाहेर बोलावते आणि कुणी काय केलं ते पाहुण्यांना सांगते.

३. डबा एक, वाटे सारखे

ओट्यावर एक कुलपाचा डबा आहे. सोमवारी दुपारी सगळे बसल्यावर तो उघडतो, वहीत रक्कम लिहिली जाते आणि सारखे वाटे पडतात. सुरुवातीला तरुण मुलगा कुरकुरला. त्याचं म्हणणं असं की धावपळ मी करतो, रात्री दोन वाजता गाडीचं चाक मी बदलून देतो. त्याचं खरंच होतं. तेव्हा असं ठरलं की एखाद्याने काही खास केलं आणि पाहुण्याने ते बोलून दाखवत हातात पैसे दिले, तर ते त्याचे. बाकी सगळं डब्यात.

खोपोलीच्या ओळखीतला एक मुलगा परदेशी क्रूझवर केबिन आवरायच्या कामाला आहे. सुट्टीत आला की तिथल्या पद्धती सांगतो. पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी केबिनवाल्याला आणि जेवणघरातल्या वाढप्याला पाकिटं देत. कपडे धुणारे, भांडी घासणारे जहाजाच्या पोटात. त्यांना पाकीट देणार कोण? आता बऱ्याच मोठ्या कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावतात आणि ते पुढच्या-मागच्या सगळ्यांत वाटतात. काही प्रवासी काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावतात आणि आवडत्या केबिनवाल्याच्या हातात रोख ठेवतात. त्याच्या जहाजावर असे पैसे सगळ्यांच्या खात्यात जमा करावे लागतात, नाहीतर धुलाईतल्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही. हे ऐकल्यावर आमच्या डब्यावरचा माझा विश्वास आणखी वाढला. फक्त आपोआप रक्कम लावणं मला पटत नाही, ते पुढे सांगते.

४. त्या पैशाला मालकाने हात लावू नये

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. पूर्वी बक्षिशी नोटांत यायची, हातातून हातात जायची. आता पाहुणे फोन काढतात आणि भिंतीवरचा क्यूआर कोड शोधतात. तो कोड मालकाचा. "ताई, बिलात तीनशे जास्त टाकलेत, मुलांना द्या," असं म्हणून गाडी निघते. ते तीनशे पोचतात का, हे पाहणारं कुणी नसतं. मावशींपैकी एकीकडे साधा फोन आहे, तिचा कोड कुठून येणार? म्हणून असे पैसे आले की मी त्याच संध्याकाळी तेवढी रोकड डब्यात टाकते आणि वहीत नोंद करते. वही ओट्यावरच असते, कुणीही उघडावी.

फुटलेल्या काचेचे पैसे बक्षिशीतून कापणारे, दिलेली उचल बक्षिशीतूनच वळती करून घेणारे मालक मी आमच्याच पट्ट्यात पाहिले आहेत. पैसा पाहुण्याचा, घाम कामगाराचा. मालकाचा त्यात संबंध काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ साली हॉटेलातल्या टिपवरच्या प्राप्तिकराचा वाद आला होता. बिलासोबत कार्डाने दिलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली, तर ती पगार ठरते का, असा प्रश्न होता. टिप गिऱ्हाइकाकडून येते, मालकाकडून नव्हे, म्हणून तो पगार नाही आणि मालकाने त्यावर पगारासारखा कर कापायचा नाही, असा निकाल लागला. ब्रिटनने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू केला आहे: टिपची सगळी रक्कम कामगारांना द्यायची, मालकाने त्यातून काही कापायचं नाही आणि वाटपाची नोंद ठेवायची. आमची वही त्याच्या आधीची आहे, याचा मला अभिमान वाटतो.

५. बिलात आधीच घातलेली रक्कम ही बक्षिशी नव्हे

दहा टक्के सेवाशुल्क लावा, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना सेवाशुल्क परस्पर बिलात घालता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. पण कायदा नसता तरी मी लावलं नसतं. पाहुण्याला "नको" म्हणता आलं पाहिजे.

६. मजुरीत घासाघीस करून वर बक्षिशी देऊ नये

माथेरान आमच्याच तालुक्यात. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी, त्यामुळे पुढे मिनी ट्रेन, घोडा, हमाल नाहीतर पायपीट. लाल मातीच्या चढावर दोन बॅगा डोक्यावर आणि एक खांद्याला अडकवून जाणाऱ्या हमालाशी लोक पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतात आणि वर हॉटेलात चहा आणून देणाऱ्याला सहज शंभर देऊन मोकळे होतात. मला हे बघवत नाही. ठरलेला दर पुरा द्यावा, मन असेल तर वर द्यावं. माथेरानच्या हातरिक्षा ओढणाऱ्यांचं तर त्याहून अवघड. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, यासाठी योजना करायला सांगितलं. त्यांना आजवर कौतुकाने दिलेल्या दहा-वीस रुपयांनी जे झालं नाही, ते स्वतःच्या ई-रिक्षेने होईल.

७. नियम मोडायला दिलेली नोट परत करायची

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात. दर वर्षी माणसं वाहून जातात, म्हणून निघतात. तरी एखादा पाहुणा आमच्या मुलाला बाजूला घेऊन म्हणतो, "हजार देतो, मागच्या वाटेने ने." हजार रुपये त्याच्यासाठी मोठे आहेत. ने म्हणणारा रविवारी घरी जातो. काही झालं तर चौकीत उभा राहतो तो वाट दाखवणारा. मी त्याला सांगून ठेवलं आहे की अशी नोट सरळ परत करायची आणि पाहुण्याला माझ्याकडे पाठवायचं. त्या दिवशी त्याचं नुकसान होऊ नये म्हणून पाहुण्यांना बंदी नसलेल्या वाटेने, भातखाचरांतून फिरवून आणायचे पैसे आम्ही रीतसर दरपत्रकात घातले. ते पूर्ण त्याचे.

८. किती आणि केव्हा

चौघांचं कुटुंब दोन रात्री राहिलं तर तीनशे-पाचशे रुपये डब्यात टाकावेत, असं कुणी विचारलंच तर सांगते. नाही टाकले तरी निरोप तसाच हसून. जुने कपडे, उरलेला केक, अर्धी बाटली हे बक्षिशी म्हणून देऊ नये.

केव्हा, याचं उत्तर आमच्या भागात वेगळं आहे. दिवाळीची आणि शिमग्याची पोस्त मागायची इथली जुनी रीत. पण मोसमात हाताखाली येणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचं वर्ष जातं. शिमग्याला ती इथे नसतातच. म्हणून त्यांचा वाटा आम्ही डब्यातून वेगळा काढतो आणि दोन्ही सणांची पोस्त दिवाळीच्या आधीच, उचलीसाठी मुकादम दारात यायच्या आत, घरातल्या बाईच्या हातात देतो.