ऑक्सिडायझरची धार : घरी करून पाहायची कृती

ठाण्याहून धिम्या लोकलने निघालं की पाचवं स्टेशन विक्रोळी. तिथे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी विकास इंजिनं तयार होतात. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन उडालेल्या एलव्हीएम-3 च्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. वर हवा विरळ, म्हणून रॉकेट जाळायला लागणारा ऑक्सिडायझरही बरोबर नेतं. विकासमध्ये तो नायट्रोजन टेट्रॉक्साइड, तांबूस तपकिरी आणि भयंकर विषारी. तो ज्वलनकक्षात कसा पोचतो, हे नौपाड्यातल्या घराच्या मोरीतही समजून घेता येतं.

साहित्य : 10 मिलीच्या दोन सिरिंज (गोखले रोडवरच्या मेडिकलमधून, सुया टाकून द्या), फिश टँकची वीतभर हवेची नळी, जाड पुठ्ठा, चिकटपट्टी, कोनमापक, गार कोरा चहा, पाणी. ज्वालाग्राही काहीही वापरायचं नाही.

आधी दाब. एका सिरिंजमध्ये 5 मिली चहा भरा, दुसरीचा दट्ट्या 10 पर्यंत ओढून आत नुसती हवा ठेवा. दोन्ही नळीने जोडा. हवेचा दट्ट्या घट्ट धरून चहा ढकला. शेवटी शेवटी अंगठा दुखायला लागेल. अंगठा काढताच चहा मागे येतो. चहा म्हणजे ऑक्सिडायझर, ही हवा म्हणजे ज्वलनकक्ष. विकासमध्ये तिथला दाब वातावरणाच्या 50 पटींहून अधिक असतो. पुरवठ्याचा दाब त्याहून कमी पडला तर जळता वायू उलटा नळीत शिरेल. म्हणून टर्बोपंप : थोडं इंधन आणि ऑक्सिडायझर वेगळं जाळून त्या वायूवर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरचे पंप दोन्ही द्रव पुढे रेटतात. द्रव कक्षात फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक भोकांत जाणारा दाबही पंपानेच भरून काढायचा.

आता इंजेक्टर. नळी काढा. एका सिरिंजमध्ये चहा, दुसरीत इंधन म्हणून पाणी भरा. पुठ्ठ्यावर दोन्ही 60 अंशांच्या कोनात, टोकं खाली आणि पुठ्ठ्याबाहेर येतील अशा चिकटवा. टोकांत बोटभर अंतर ठेवा. पुठ्ठा उभा धरून दोघांनी एकदम, सारख्या जोराने दाबा. पाहायचं मात्र बाजूने : धारा भिडतात तिथे पानाच्या आकाराचा पातळ पडदा उघडतो. जोर वाढवला की त्याच्या कडा फाटून थेंब सुटतात. थेंब जितके बारीक, तितकं ज्वलन चांगलं. मला यातलं हे दृश्य सगळ्यात आवडतं; टॉर्चच्या उजेडात नक्की पाहा.

एकाने जोर कमी केला की पडदा त्याच्या बाजूला कलतो. इंजिनात याचा अर्थ मिश्रणाचं प्रमाण बिघडलं.

शेवटी कोन 90 अंशांच्या वर न्या. शिंतोडे उलटे टोकांकडे उडू लागतील. इंजिनात असं झालं तर ज्वाळा इंजेक्टरच्या तोंडाशी येते आणि तो भाजून निघतो.