साखर सोडावी की भाकरी?

वजन कमी करण्याचा निश्चय झाला की बहुतेक घरांत प्रथम साखरेचा डबा मागे सरकतो. चहा बिनसाखरेचा होतो, सणाच्या दिवशीही गोडाला नकार दिला जातो. महिना लोटतो, पण वजनाचा काटा फारसा हललेला नसतो. मग कोणीतरी सांगते, "नुसती साखर सोडून काय होणार? भात, पोळी, भाकरी, बटाटा, सारेच बंद करा." हा दुसरा सल्ला मानणारा मनुष्य पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलोंनी हलका होतो आणि साखर सोडणाऱ्याची चेष्टा करू लागतो. या दोघांपैकी योग्य मार्गावर कोण आहे, हे ठरविण्यापूर्वी आपण काय सोडतो आहोत, हे दोघांनीही पाहिलेले बरे.

साखर आणि भाकरी ही एकाच कुळातील. या कुळाचे नाव कर्बोदके. भातातील किंवा भाकरीतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजमध्येच रूपांतर होते. साखरेतूनही ग्लुकोज मिळते, त्याच्या जोडीला फळशर्करा असते. एक ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम पिष्ट, दोन्हींपासून सुमारे ४ उष्मांक म्हणजेच कॅलरी मिळतात. फरक आहे तो सोबतीचा. धान्याबरोबर प्रथिने, तंतुमय पदार्थ, काही जीवनसत्त्वे आणि क्षार पोटात जातात. साखर मात्र एकटीच येते.

कर्बोदके सोडून सडपातळ होण्याची कल्पना नवी नाही. लंडनमध्ये अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणारे विल्यम बँटिंग हे गृहस्थ साठी उलटली तेव्हा इतके स्थूल झाले होते की त्यांना बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरताना उलट्या पावलांनी उतरावे लागे. व्यायाम म्हणून त्यांनी नदीवर नाव वल्हवून पाहिली. अंगात बळ आले, पण भूक इतकी वाढली की वजन आणखीच चढले. अखेर १८६२ साली विल्यम हार्वी या डॉक्टरांनी त्यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले. वर्षभरात बँटिंग यांचे वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर, म्हणजे सुमारे २१ किलोंनी खाली आले. त्या आनंदात त्यांनी १८६३ मध्ये एक पुस्तिका लिहिली, आणि ती पुढे विलक्षण गाजली. मात्र आपला प्रश्न त्या पुस्तिकेने सुटत नाही. त्यांनी साखर आणि पाव एकदमच सोडले; त्याबरोबर लोणी आणि बिअरही गेली. शिवाय भाजलेल्या पावाचा लहानसा तुकडा त्यांच्या ताटात राहिला होताच. त्यामुळे यश नेमके कशाचे, हे त्यांच्या अनुभवावरून सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यातील घट हाही बराचसा देखावा असतो. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन या स्वरूपात सुमारे अर्धा किलो कर्बोदके साठवलेली असतात आणि त्यांच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात-पोळी बंद होताच हा साठा वापरला जातो, पाणी निघून जाते आणि काटा खाली येतो. चरबी मात्र फारशी हललेली नसते. पुन्हा जेवण पूर्ववत झाले की ते पाणीही परतते.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, दिवसभर शिलाई यंत्रावर बसणारा एक कारागीर सहा कप चहा पितो आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर घालतो. चमच्यात ५ ग्रॅम धरले, तर दिवसाची साखर ६० ग्रॅम आणि उष्मांक २४०. ती पूर्णपणे सोडली तर महिन्याला ७,२०० उष्मांक वाचतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. म्हणजे कागदावर तरी किलोला थोडी कमी अशी घट झाली. पण बिनसाखरेच्या चहासोबत त्याने पन्नास ग्रॅम शेव खाल्ली, तर दिवसाची सारी बचत तिथेच संपते. साखर सोडूनही काटा का हलत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या बशीत असते.

याच कारागिराच्या दोन वेळच्या जेवणात तांदूळ आणि पीठ मिळून ४०० ग्रॅम धान्य असेल, तर त्यातून सुमारे १,४०० उष्मांक येतात. त्यातले केवळ पाव हिस्सा धान्य कमी केले तरी ३५० उष्मांक घटतात, म्हणजे सगळी साखर सोडण्यापेक्षा अधिक. क्रमाने साखर आधी, पण मापाने धान्य मोठे, असा हा प्रकार आहे. साखर आधी अशासाठी की तिच्या त्यागाने शरीराचे पोषण यत्किंचितही उणे होत नाही.

संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात असे दिसले, की साखर कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी ०.८ किलोने घटले. मात्र साखरेच्या जागी तेवढ्याच उष्मांकांची दुसरी कर्बोदके घेतल्यास वजनात फरक पडला नाही. २०१८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने कर्बोदके कमी केली, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी, तर दुसऱ्याचे ५.३ किलोंनी घटले. हा फरक नगण्य ठरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, हे दोन्ही गटांना सारखेच सांगितले होते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत. भारतीय ताटात हे प्रमाण बरेच अधिक असते, आणि त्यामागे केवळ चव नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये शिधापत्रिकेवर मिळतात ते मुख्यत्वे तांदूळ आणि गहू. डाळ, अंडी, भाजी बाजारभावाने घ्यावी लागते. 'सगळी कर्बोदके सोडा' हा सल्ला देणाऱ्याला बहुधा वाण्याचे बिल आठवत नसावे. वाटीभर भात कमी करून तिथे वाटीभर घट्ट वरण आणि भाजी घेणे, हे पुष्कळांना जमणारे आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर सडलेल्या तांदळात तीन ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे भाकरी सावकाश पचते आणि पोट भरल्याची भावना टिकते. गुळाविषयी मात्र भ्रम नको. वजनाच्या हिशेबात गूळ आणि मध ही साखरेचीच भावंडे होत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. औषधाची मात्रा तीच ठेवून भात-भाकरी एकाएकी बंद केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. म्हणून अशा व्यक्तीने ताटात बदल करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी लागते. आणि शुद्धीवर असताना तसा प्रसंग ओढवलाच, तर पाण्यात विरघळवलेली तीन चमचे साखर हाच पहिला उपचार असतो.