पाया भरायचं वर्ष

प्रश्न : मुलगी पोलादपूरहून बारावी कॉमर्स झाली. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगआधी परदेशात पायाभूत वर्ष असतं, तसं आपल्याकडे आहे का?

उत्तर : इंग्लंडमध्ये विषय जुळत नसले, तर अनेक विद्यापीठं आधी वर्षभर गणित पक्कं करून घेतात. महाराष्ट्रात बी.टेक.ला अशी सर्रास सोय नाही. त्यामुळे महाडजवळचं लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (स्थापना १९८९) कॉमर्सवाल्यांना थेट खुलं नाही.

वाट मात्र आहे. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा कॉम्प्युटर डिप्लोमा, मग बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षात. वेळ जातो, पण पाया घट्ट होतो.

दुसरी वाट आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधल्या बी.एस. पदवीची. तिथे पहिल्या टप्प्याचं नावच फाउंडेशन! गणित, संख्याशास्त्र, पायथॉन, इंग्रजी. बारावीची शाखा कोणतीही चालते, जेईई लागत नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. व्याख्यानं घरबसल्या, परीक्षा केंद्रावर. ही पदवी बी.टेक. नव्हे, हे आधीच समजून घ्यावं.

पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागा चुकली तरी प्रोग्रॅम अडतो. असा बारकावा तिला आवडतो का, ते फी भरण्याआधी महिनाभर रोज तासभर बसून तिनेच तपासावं.