मोटारसायकलवरची गाणी आणि आपले कान

मोटारसायकलला मोठे स्पीकर आणि वेगळा अॅम्प्लिफायर बसवून घेण्याची हौस तरुण मंडळींत चांगलीच वाढली आहे. हौसेला माझी ना नाही. पण ज्या कानांसाठी हा खर्च करायचा, त्या कानांचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणून आज त्याविषयी थोडेसे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांहून अधिक कानावर पडू नये, असे मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे!

आता असे पाहा. ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने जाताना हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. ताशी १०० किलोमीटरला तो शंभराच्या घरात जातो. म्हणजे गाणे लावण्याआधीच कानावर भार पडलेला असतो. त्यात गाणे ऐकू यायचे तर ते वाऱ्याहून मोठे हवे, म्हणून आवाज वाढवला जातो. अॅम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. खर्च वाढतो, वारा तिथेच राहतो आणि मार कानाला बसतो.

कानात काय बिघडते?

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. विश्रांती मिळाली की सावरतात. पण मार रोजचाच झाला तर त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. वाऱ्याने वाकलेली ज्वारी उभी राहते, मोडलेले ताट राहत नाही.

माझ्याकडे बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. "हाक मारली तर ओ देत नाही, टीव्ही मोठ्याने लावतो," ही तिची तक्रार. तो रोज गाणी लावून मोटारसायकलने तालुक्याला जा-ये करीत असे. कानात मळ नव्हता, पडदाही ठीक होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री करवली, तेव्हा ४,००० हर्ट्झच्या आसपास ऐकणे घटलेले आढळले. आवाजाने झालेल्या इजेची ही नेहमीची खूण. अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'फ' अशी अक्षरे निसटतात आणि शब्द कळत नाही. गेलेले परत आणणारे औषध नाही. उरलेले मात्र जपता येते.

काळजी कशी घ्यावी?

१. गाडी उभी आणि इंजिन बंद असताना, शेजारच्याचे बोलणे सहज ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. वेग घेतल्यावर तो वाढवू नये. गाणे ऐकू येईनासे झाले तर बंद करावे.

२. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. गाडी चालवताना इयरफोन नकोतच.

३. मापाचे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वापरावे. लांबच्या प्रवासात वेग आवरावा, मधे थांबावे.

४. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात गाणी बंद ठेवावीत.

५. गाडीवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजणे, दडे बसणे हा इशारा समजावा. दुसऱ्या दिवशीही त्रास राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी गाठावे. इथे उशीर महागात पडतो. कानात तेल घालू नये.

चष्मा लावला की बहुतेकांना स्वच्छ दिसते. श्रवणयंत्राचे तसे नाही. त्याने आवाज मोठा होतो, पण पहिल्यासारखे ऐकू येत नाही. स्पीकर पुन्हा विकत मिळतात, कान मिळत नाहीत.