डबे सुरू करण्याआधी

पोरी, डब्यांचा धंदा काढतेस, छान करतेस. पण लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होतील म्हणून घाबरून धंदा लपवायला जाऊ नकोस. धंदा काढला म्हणून कुणी लाभ काढून घेत नाही. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं, की हक्क संपतो. आयकर 12 लाखांपर्यंत लागत नाही असं कुणी सांगेल. पण तो हिशेब वेगळा, आपली रेषा त्याच्या खूप अलीकडे आहे.

उत्पन्न म्हणजे गल्ल्यात आलेला पैसा नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. वीस डबे, प्रत्येकी महिना अडीच हजार, म्हणजे 50 हजार आले. किराणा, भाजी, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईचा पगार मिळून 38 हजार गेले. हातात उरले 12 हजार, वर्षाचे 1 लाख 44 हजार. त्यात जावईबापूंचे महिना 10 हजार धरले की बेरीज 2 लाख 64 हजार. रेषा ओलांडली! म्हणून पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही ठेव, किराण्याच्या पावत्या डब्यात साठव. वही नसेल तर तपासणारा आलेला सगळा पैसाच उत्पन्न समजेल. धंद्यासाठी मुद्रा योजनेचं कर्ज काढलंस, तर ते मात्र उत्पन्नात धरायचं नाही, ते फेडायचं असतं.

धंद्याला वेगळं खातं काढ. बँकेत त्या नव्या खात्याला आधार जोडताना डीबीटीच्या फॉर्मवर न वाचता सही करू नकोस, नाहीतर सरकारी पैसे तिकडे वळतात आणि तू जुन्या खात्यात वाट बघत बसतेस.

तुझ्या शेजारणीला माझा निरोप दे. तिला संजय गांधी निराधार योजनेचा पगार मिळतो, तिची गोष्ट वेगळी. त्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1,750. पापड लाटून कुणीही तेवढं मिळवेल. एकट्या बाईनं हातपाय हलवले की आधार सुटतो, ही मर्यादा मला मुळीच पटत नाही. तिनं पगार सोडण्याआधी सहा महिने पापड खरंच विकले जातात का ते बघावं, बचत गटातून ऑर्डरी मिळवाव्यात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर खरं तेच लिहावं. आधार, पॅन, खातं सगळं जोडलेलं आहे. खोटं फार दिवस टिकत नाही.

आणि डबे पोचवायला टेम्पो घ्यायचा झाला तर. चारचाकी घरात कुणाच्याही नावावर चढली की लाडक्या बहिणीचा लाभ जातो, ट्रॅक्टर तेवढा चालतो. डबे वाढले तर आधी तीनचाकी भाड्यानं लाव. टेम्पो घेण्याइतका धंदा चालला तर बिनधास्त घे, आणि लाभ सोडल्याचा अर्ज त्याच आठवड्यात देऊन ये.