गोडलिंबाचा शेंडा खुडायला भिऊ नका

ताईंनो, अंगणात गोडलिंब लावतो आपण साऱ्याच, पण किती जणींचा टिकतो? पावसाळ्यात मरतो, नाहीतर एकच खोड उंच जातं अन् पाला हाताला येत नाही.

खाप्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. बुडाशी पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणून रोप उंचवट्यावर लावा. मातीत रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. बी पेरायचं तर पिकलेली काळी फळं घ्या, गर धुऊन लगेच पेरा. जुनं, वाळलेलं बी सहसा उगवत नाही.

रोप गुडघाभर झालं की शेंडा खुडा. जीव होत नाही, पण खुडल्यावरच बाजूने फांद्या फुटतात. फुलं आली की तीही काढा. पाला ओरबाडू नका, काडीसकट कापा.

पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबाच्या फुलपाखराची. ती हाताने वेचा. पाला थेट फोडणीत जातो, त्यावर विषारी औषध नको.

उन्हाळ्यात लहान रोपाला सावली करा, संध्याकाळी पाणी द्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं: शेंडा खुडला का?