माल बोटीने धाडावा की विमानाने?

उल्हासनगरच्या एका गाळ्यात जीनच्या पँटी शिवून तयार आहेत, असे समजा. साठ खोकी भरली आहेत. माल जर्मनीला जायचा आहे आणि भाडे मालकाने भरायचे आहे. बोटीने धाडावा की विमानाने?

कुणी म्हणेल, "त्यात काय विचारायचं? बोट स्वस्त, विमान महाग." बोलणे खरे, पण अपुरे. किती महाग, ते खोके मोजल्याशिवाय कळत नाही. चला, मोजून पाहू.

खोके 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 40 उंच आहे. गुणाकार केला की 96,000 होतात. विमानवाले बहुधा याला 6,000 ने भागतात. उत्तर आले 16. म्हणजे हे खोके त्यांच्या लेखी कमीत कमी 16 किलोचे. पँटी भरल्यावर काट्यावर 20 किलो भरले, तर भाडे 20 किलोचे. पण त्यातच उशा भरल्या आणि वजन 5 किलो झाले, तरी भाडे 16 किलोचेच! जे जास्त, ते धरायचे. म्हणून उशा विमानाने धाडायच्याच झाल्या तर दाबून भराव्यात.

बोटीत 1 घनमीटर जागा किंवा 1,000 किलो वजन, यांत जे जास्त ते धरतात. आपला माल 1,200 किलो, पण जागा 5.76 घनमीटर. म्हणून भाडे जागेचे.

समजा, विमानाचा दर किलोला 200 रुपये आणि बोटीचा घनमीटरला 6,000 रुपये आहे. खरे दर सारखे बदलतात; ते एजंटाकडून लिहून घ्यावेत. बंदरातले खर्चही विचारावेत, ते वेगळे पडतात. विमानाचे झाले 2,40,000 रुपये, बोटीचे 34,560. पँटी आहेत 1,800. पँटीमागे विमानाला 133 रुपये, बोटीला 19. आणि भाड्याआधी नफाच पँटीमागे 60 रुपये असेल तर? विमानाने गेला माल, की पदरचे पैसे घालावे लागले.

आता दिवस मोजा. न्हावा-शेवा बंदरातून सुएझ कालव्याच्या वाटेने युरोप तीन-चार आठवड्यांवर आहे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले. तेव्हा पुष्कळ बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि दहा-बारा दिवस वाढले. म्हणून आधीच विचारावे, "साहेब, ही बोट कुठल्या वाटेने जाणार?" शिवाय माल बंदरात वेळेवर पोचला पाहिजे. शिळफाट्याची कोंडी तर तुम्ही जाणताच! दुबईला मात्र बोट आठवड्याभरात जाते. तिथे विमानाचा सोस कशाला?

घाई असली तरी सगळा माल उडवायला नको. दहा खोकी विमानाने, पन्नास बोटीने धाडली, तर खर्च 68,800 रुपये, म्हणजे पँटीमागे 38. थोडा नफा उरतो. गिऱ्हाइकाला हे आधी विचारून पाहावे. पुष्कळदा ते कबूल होते.

अंबरनाथ-बदलापूरच्या रसायनवाल्यांना निवड इतकी मोकळी नाही. पेट घेणारी काही रसायने विमानात मुळीच घेत नाहीत. काही थोड्याच मापात, ठरलेल्या बांधणीत घेतात. खोक्यात काय आहे ते खरेच लिहावे.

राहिला कागद. बोटीच्या मालाला बिल ऑफ लेडिंग मिळते. ते 'ऑर्डर'चे असेल, तर अस्सल प्रत दिल्यावरच माल सुटतो. ती प्रत बँकेमार्फत पाठवली, की गिऱ्हाइकाने पैसे भरल्यावर त्याच्या हाती पडते. विमानाच्या एअरवे बिलाचे तसे नाही. त्यावर ज्याचे नाव, त्याला माल मिळतो, मग पैसे आलेले असोत वा नसोत. नवे गिऱ्हाईक असेल तर पैसे आधी घ्यावेत, नाहीतर माल घेणारा म्हणून तिकडच्या बँकेचे नाव घालावे. मात्र त्या बँकेची संमती अगोदर घ्यावी.